वीतभर शेप्या

माझी झाडं मोताळ्यात उगवतात, आणि तीही कुणाची तरी मोटर जळली तरच. मी भाड्यानं राहते त्या घराखाली वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची जळकी मोटर आणून टाकतात, दुकानातले चाचा तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसतात आणि नवी भरून देतात. जुनी तार भंगारात जाते. पण उपसताना वीत-दीड वीत तुकडे खाली पडतात, ते मी आधी विचारून आणि नंतर न विचारता उचलायला लागले. एक दिवस चाचांनी विचारलं, "मॅडम, येवढ्या ताराचं करता काय तुमी?"

"झाडं करते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "करा," ते म्हणाले. "इथं पानी कुठी हाय? ताराचीच येतील आता."

मी मोजणी खात्यात आहे. शेतांच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. दोन भावांच्या मधे उभं राहायचं, नकाशा बघायचा, खुणा गाडायच्या आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, असं ते थोडक्यात आहे. एकाच्या घरचा चहा घेतला की दुसरा म्हणतो, बाई फितली. म्हणून मी घरून थर्मासमध्ये चहा नेते आणि बांधावर बसून एकटी पिते. बांध कोरणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. दरवर्षी नांगराचं एक तास, एक चर, बांधात घालायचं आणि वर तोंड करून म्हणायचं, बांध होताच एवढा. असली माणसं रोज बघून माझी जीभ तिखट झाली. आई म्हणते, या जिभेपायी हिचं लग्न जमलं नाही. नाही जमलं ते बरंच झालं, नाहीतर सासरीही फीत घेऊन उभं राहावं लागलं असतं.

अशा बाईनं खेळण्यातली रेल्वे मांडावी याचं गावात हसू झालं, ते साहजिकच आहे. झालं असं की मी पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते आणि तिथं एका जुन्या सामानाच्या दुकानात फाटक्या खोक्यात एक काळं इंजिन, मालगाडीचे थोडे डबे आणि रुळांचे तुकडे दिसले. इंजिन खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं, मुठीत मावणारं. मी ते उचललं, नाकाला लावलं आणि मला आमच्या वावराचा वास आला. तो वास तेलाचा असणार हे मलाही कळतं. पण मी खोकं घेऊनच दुकानाबाहेर पडले.

आमचं गाव नांदुरा तालुक्यात, बाजाराला वडनेर भोलजीला जाणारं. आमच्या वावराच्या खालच्या अंगानं रेल्वेचे रूळ जातात. लहानपणी आमच्याकडे घड्याळ होतं, पण ते घरात. वावरात वेळ गाडीवर चालायची. नागपूरकडे जाणारी पॅसेंजर गेली की बाया निंदणं थांबवून भाकरी सोडायच्या, आणि ती उशिरा आली तर सगळ्याच उशिरा जेवायच्या. गाडी वेळेवर नसते हे आम्हाला फार मोठेपणी कळलं. मालगाडीचे डबे मोजायचे, गार्डाला हात करायचा, त्यानं उलट हात केला की दिवस चांगला. ते दिवस मला इतके आठवतात की कधीकधी नांदुऱ्याच्या फाटकावर स्कूटर थांबवून मी उगाच डबे मोजते.

पुण्याहून आणलेली ती गाडी मी मोताळ्यात नाही, गावच्या घरात मांडली. घराचं जुनं सागवानी दार काढून लोखंडी बसवलं होतं, ते जुनं दार धान्याच्या दोन कोठ्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर रूळ, वावर, विहीर असं सगळं आमच्या शिवारासारखं करायला घेतलं. दर शनिवारी मी गावी जायची आणि रविवारभर त्यात डोकं घालून बसायची. बाबा म्हणाले, "वावरं मोजू मोजू डोकं फिरलं पोरीचं." पुढच्या शनिवारी मी गेले तर बाबा स्वतःच त्या आडव्या दारापाशी उभे. म्हणाले, "विहीर चुकली तुही. आणखी खाली पाह्यजे."

रूळ सोपे, विहीर सोपी. झाडं मात्र जमेनात. मी मोबाइलवर परदेशातले लोक झाडं कशी करतात ते पाहिलं आणि तशीच केली. पंधरा-वीस तारा एकत्र घ्यायच्या, वेणीचा पेड वळावा तशा बुडाशी पिळायच्या, तो झाला बुंधा. खाली टोकं पसरली की मुळं. वर पिळाचे दोन भाग करायचे, ते पुन्हा पिळायचे, त्यांचे आणखी दोन, असं करत करत शेवटी एकेक तार उरते, ती डहाळी. त्याला सुताराच्या पांढऱ्या गोंदात काळी माती कालवून लावली की साल होते. पानांसाठी आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा आणायचा, रंगात भिजवून वाळवायचा आणि चहाच्या गाळणीनं चाळायचा. सुकलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून फांद्यांवर पसरायची आणि त्यावर गोंदाचं पाणी फवारून हा भुसा भुरभुरायचा. मी अशी आठ-दहा झाडं केली आणि कौतुकानं चाचांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, गोभी लावली का?"

खरंच, फुलकोबीच ती. बुडापासून वरपर्यंत गच्च, गोल गरगरीत. आपल्या जिल्ह्यात असं एक झाड नाही. का नाही, हे मला पुढं उंद्रीकडं एका मोजणीला गेले तेव्हा दिसलं. चहा पीत बसले होते आणि समोर बकऱ्या बोरीला लागल्या होत्या. बकरी मागच्या पायांवर उभी राहून जिथवर तोंड पोचवते तिथवर आपल्याकडच्या एकाही झाडाला पान नसतं. झाडाखाली एक सरळ रेघ असते, बकरीनं आखलेली. त्यात भर माणसाची, तो कडुलिंबाच्या फांद्या बकऱ्यांसाठी तोडून नेतो, बाभळीच्या कुंपणाला तोडतो. आपलं झाड हे अर्धं देवानं केलेलं आणि अर्धं बकरीनं आणि कुऱ्हाडीनं. तेव्हापासून मी पूर्ण झाड करून मग त्याला कातरीनं छळायला लागले, आणि ती झाडं बघता बघता आमच्या शिवारातली दिसायला लागली. बाभळीला तर तारही लागली नाही. तुळशीच्या वाळल्या काड्या तशाच खोचल्या की बाभूळ. आईनं तेवढं आधी तुळशीला हात जोडायला लावले.

आमच्या घराची एक भिंत सामाईक आहे. पलीकडे मोठेबाबा राहतात, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांची खाट त्या भिंतीला लागूनच असते. एका रविवारी मी नळावर पाणी भरत होते तर त्यांनी हाक मारली. "काय घुरघुरते वं तुमच्या इथं? भिंतीतून आवाज येते."

मी रेल्वेचं सांगितलं. आपलं वावर आहे, तुमचंही वावर आहे, मधला बांध आहे, सगळं केलंय म्हटलं.

"आंबा लावला का?"

मी नाही म्हटलं.

"मंग कायचं वावर ते," मोठेबाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

तो आंबा मी मुद्दामच लावला नव्हता. बाबा आणि मोठेबाबा यांच्यातला अबोला त्या आंब्यावरून आहे, मी सातवीत होते तेव्हापासून.

वाटणी झाली तेव्हा बांधाच्या वरचा तुकडा बाबांना आला, खालचा मोठेबाबांना, आणि बांधावर हा आंबा. शेप्या त्याचं नाव, कारण फळाला शेपूच्या भाजीसारखा वास यायचा. शहरातल्या पाहुण्यांना तो वास चालत नसे, आम्ही मात्र त्याच्यावर जीव टाकायचो. उन्हाळ्यात आंबे उतरवायचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. बाबा वर चढायचे आणि मोठेबाबा खाली राहायचे. पोत्याचं एक टोक मोठेबाबांच्या हातात, एक मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आणि बाबा वरून एकेक आंबा त्या झोळीत सोडायचे. एकही आंबा मातीला लागायचा नाही. मग दोघं भाऊ झाडाखाली बसून उतरवलेल्या ढिगातले पाडाला आलेले वेगळे काढत, एकमेकांच्या निवडीत खोट काढत, आणि आम्ही पोरं त्यांच्याभोवती चीक लागलेल्या तोंडांनी फिरत असायचो. घरी आल्यावर पेंढ्यात आढी घातली की चार-पाच दिवसांनी दोन्ही घरांत एकच वास सुटायचा. त्या वासात झोप यायची ती पुन्हा कधी आली नाही.

पण झाडाचं काय होतं, ते खालच्या बाजूला झुकलेलं होतं. त्यामुळं आपोआप पडणारे आंबे मोठेबाबांच्या तुकड्यात पडायचे. आणि हिवाळ्यात सावली पडायची ती आमच्या कपाशीवर. सावलीतल्या पऱ्हाट्यांना बोंडं धरत नाहीत. बाबा म्हणायचे, "आंबे त्याले आन् सावली मले." आधी हसत म्हणायचे, मग नुसतेच म्हणायला लागले. एका वर्षी पेरणीच्या आधी त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि आमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, झाडाचं बूड मोठेबाबांच्या हद्दीत आहे, फांद्या माझ्यावर येतात, त्या तोडायला मी कुणाला कशाला विचारू? मोठेबाबांचं म्हणणं, झाड बरोबर बांधावर आहे, म्हणजे दोघांचं, एकट्यानं हात लावायचं कारण नव्हतं.

एका अंगाला फांद्या नाहीत आणि दुसऱ्या अंगाला सगळा भार. पुढच्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि शेप्या मुळासकट मोठेबाबांच्या बाजूला आडवा झाला, अंगावर कैऱ्या असताना. सकाळी आम्ही सगळे तिथं होतो. बाबा हाकेच्या अंतरावर उभे होते. मोठेबाबा मला म्हणाले, "तुह्या बापाले सांग, झाड पडलं."

मी जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याले सांग, वाऱ्यानं पडलं."

त्या दिवशी जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. बाबा आजवर एवढंच म्हणत आले, वाऱ्यानं पडलं. विहीर सामाईक, मोटर सामाईक, त्यामुळं बोलल्यावाचून तर भागत नव्हतं. "त्याले सांग, उद्या पाणी माहं हाय." "त्याले सांग, फ्यूज गेला." सांगायला मी. बायकांनी हा अबोला कधी पाळला नाही, आई आणि मोठी आई परसातल्या भिंतीवरून वाटीभर भाजी इकडून तिकडे करतच राहिल्या. पण निरोप न्यायला त्या दोघींनी साफ नकार दिला, म्हणून ते काम माझ्याकडेच आलं. पुढं मी नोकरीला मोताळ्यात आले तर बाबा मला फोन करायचे, मग मी मोठेबाबांना फोन करायची. भिंतीच्या अलीकडचा निरोप मोताळ्याला जाऊन पलीकडे पोचायचा. हे लोकांना मी हसून सांगते. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोघंही थकलेले. मोठेबाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, बाबांचा हात पाण्याचा तांब्या धरताना थरथरायला लागलेला. मला मनातून एकच धास्ती होती. एक जण आधी जाईल, दुसरा खांदा द्यायला येईल आणि तेव्हा काय ते बोलेल, आणि ज्यानं ऐकायचं तो आडवा असेल. तो निरोप मी कुणाला नेऊन देणार होते?

म्हणून मोठेबाबांनी "मंग कायचं वावर ते" म्हटलं तेव्हा मी ठरवलं, शेप्या करायचा.

झाड खऱ्यात साठेक फुटांचं असेल, म्हणजे आमच्या दारावर ते वितीपेक्षा थोडं कमी. तारा भरपूर घेतल्या. पण पिळायला बसले आणि लक्षात आलं, मला झाड आठवत नाही. त्याचा वास आठवतो, खालची गार माती आठवते, सालीतले मुंगळे आठवतात. पहिली फांदी कुठं फुटली होती ते आठवेना. मी बाबांना विचारलं.

"पुरुषभर उंचीवर," बाबा म्हणाले.

मी नळावर मोठेबाबांना विचारलं.

"पुरुषभर? काहीतरीच. कमरेच्या वर, बस. मी बसत होतो त्या बेचक्यात."

मी आत येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा एकदम उठून बसले. "तो कधी बसत होता? मी बसत होतो. त्याले चढता कुठी येते? सांग त्याले, तो खाली पोतं धरून राहे."

मी पुन्हा नळावर. मोठेबाबा ऐकून घेत राहिले आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "बराबर हाय त्याचं," ते म्हणाले. "मले चढता येत नोतं."

एक जण दुसऱ्याला बरोबर म्हणतोय हे मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी भरलेली बादली तिथंच विसरून आत आले.

मग पुढचे कितीतरी रविवार हेच चाललं. बुंध्याला एक गाठ होती, ती रुळाच्या बाजूला की गावाच्या? मोहोर आधी कोणत्या अंगाला यायचा? नवी पालवी किती तांबडी? याच्या आधी निरोप असायचे ते पाण्याचे आणि फ्यूजचे, आता मी सालीचे आणि गाठीचे नेत होते. पानांच्या रंगासाठी मी भुसा पाच-सहा वेळा रंगवला. आंब्याचा हिरवा हा काळपट असतो, तो साधत नव्हता. शेवटी हिरव्यात थोडी काजळी घातली आणि तो भुसा कागदावर घेऊन मोठेबाबांना दाखवला. त्यांनी चिमटीत घेतला, उन्हात धरला आणि म्हणाले, "हाव. त्याले दाखवला का?"

मधे एक भानगड झाली. झाड लावायला दारात भोक पाडायचं होतं. बांध खऱ्यात दोन फुटांचा, आमच्या दारावर तो दोन सूत होतो, करंगळीच्या नखाएवढा. मी मोजून बरोबर बांधाच्या मधोमध भोक पाडलं आणि मोताळ्याला गेले. पुढच्या शनिवारी येऊन पाहते तर ते भोक गोंद आणि भुशानं लिंपून टाकलेलं आणि नवं भोक बांध ओलांडून मोठेबाबांच्या वावरात.

"बाबा, हे कुणी केलं?"

"उंदरानं केलं असल," बाबा म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

गिरमिट घेऊन फिरणारा उंदीर मी आमच्या घरातच पाहिला. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले, पण दोन सुताचा बांध कोरणारा मला माझ्याच घरात सापडला. मला हसू आलं आणि रागही आला. मी सरळ सांगितलं, मोजणीवाली मी आहे, झाड बांधाच्या मधोमधच उभं राहील, हरकत असेल तर अर्ज करा. मी जुनं भोक पुन्हा मोकळं केलं.

झाडाला पानं मी मोताळ्यात चढवली. ठरवताना मी फार विचार केला असं नाही. मला शेप्या पुरा हवा होता, कुऱ्हाड लागायच्या आधीचा, दोन्ही अंगांनी भरलेला. बकरीची रेघ तेवढी ठेवली, कारण ती खरी होती. वर थोडा तांबूस भुसा टाकला, नव्या पालवीचा. सुकल्यावर चाचांकडे नेला. त्यांनी कामाचे काळे हात मागे बांधले आणि नुसता वाकून पाहिला. "बस, आता आंबा हाय," म्हणाले. मी तो मिठाईच्या खोक्यात उभा करून, मांडीवर धरून एस.टी.नं गावी आणला. शेजारची म्हातारी वाटभर खोक्यात बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "कोण्या देवाचं हाय माय?" मी म्हटलं, "घरचंच हाय."

मोठेबाबांना मी बोलावलं. अबोला धरल्यापासून लग्नकार्य सोडून ते आमच्या घरात कधी आले नव्हते. ते म्हणाले, "येतो मी. पण तो वावरात गेल्यावर." बाबांना मी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "येऊ दे. मी जातो वावरात."

रविवारी सकाळी मी झाड भोकात बसवलं. मोठेबाबा काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. तिथं बाबांच्या चपला होत्या. त्यांनी त्या पाहिल्या. मला वाटलं, वळतात आता. पण त्यांनी आपल्या चपला काढल्या, तिथंच, त्यांच्या शेजारी, आणि आत आले. बाबा कोपऱ्यात खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

मोठेबाबा आडव्या दारावर वाकले. रूळ पाहिले, विहीर पाहिली, बांधावर बोट फिरवत झाडापाशी आले. तिथं त्यांचं बोट थांबलं.

"शेप्या," ते म्हणाले. आई आतून चहाचे कप घेऊन आली होती, ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

तेव्हा बाबा उठले. माझ्या हत्यारांच्या डब्यातून त्यांनी तार तोडायची पक्कड काढली आणि दारापाशी, मोठेबाबांच्या समोरच्या अंगाला येऊन उभे राहिले. दोघांच्या मधे ते वीतभर झाड. बाबा माझ्याशी बोलले.

"बाई, हे बराबर नाही. इकडच्या फांद्या नोत्या."

"होत्या बाबा. आधी होत्या."

"आधीचं नको सांगू. म्या तोडल्या ना. मंग तोडलेल्या दाखव."

म्या तोडल्या. झाड पडल्यापासून हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, मोठेबाबांनीही नाही. बाबांनी आमच्या बाजूची पहिली फांदी पक्कडीत धरली. हात थरथरत होता, त्यामुळं सगळं झाड थरथरत होतं आणि पानांचा भुसा खाली भुशाच्याच कपाशीवर सांडत होता. मी थांबवायला पुढं झाले.

"राहू दे बे," मोठेबाबा म्हणाले. "तोडू नको."

बे. हा शब्द पुण्याच्या लोकांना उद्धट वाटतो. आमच्याकडे तो ज्याच्यावर हक्क आहे त्यालाच म्हणतात, धाकट्याला, दोस्ताला. परक्याला कुणी बे म्हणत नाही. मी दोघांकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझं तोंड आपोआप उघडलं.

"बाबा, मोठेबाबा म्हणून राह्यले की—"

"आयकू आलं मले," बाबा म्हणाले.

त्यांनी पक्कड दाबली नव्हती, सोडलीही नव्हती. मग त्यांनी मान वर केली आणि समोर पाहिलं.

"सावली पडते, भाऊ."

"पडू दे," मोठेबाबा म्हणाले. "भुशावर पडते."